मंत्री नावाचे बदक

सन १९०२ मध्ये आसामातील तिनसुकियाजवळ डिब्रू नदीवर एका रंगीबेरंगी बदकाची नोंद झाली होती. त्यानंतर ११९ वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच भागातील मागुरी-मोटापुंग नावाच्या बीलमध्ये या जातीचा एक नर पोहताना आढळला. (पूर ओसरल्यावर नदीकाठी जी उथळ, विस्तीर्ण तळी शिल्लक राहतात त्यांना आसामी लोक ‘बील’ म्हणतात.) मधल्या काळात ईशान्य भारतात हा पक्षी अगदी क्वचितच दिसला होता. साहजिकच ही बातमी देशभर पसरली आणि त्याची छायाचित्रे घराघरांत पोहोचली.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने ते छायाचित्र मला आणून दाखवले आणि विचारले, “सर, हा पक्षी खरा आहे की कोणी रंगवला आहे? आणि खरा असेल, तर रात्रंदिवस पाण्यात राहून याचा रंग उतरत कसा नाही?” मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक; पक्षिशास्त्राचा नव्हे. परंतु प्रश्नाचा दुसरा भाग माझ्याच विषयाचा निघाला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि पडताळले, ते आज तुमच्यापुढे मांडत आहे.

नाव कोठून आले?

या बदकाचे इंग्रजी नाव ‘मँडरिन डक’. शास्त्रीय नाव ‘ऐक्स गॅलेरिक्युलाटा’. बादशाही काळात चीनमध्ये जे बडे अधिकारी असत, त्यांना युरोपीय लोक ‘मँडरिन’ म्हणत. त्यांचे भरजरी रेशमी झगे प्रसिद्ध होते. या बदकाचा थाट पाहून पाहणाऱ्याला त्या झग्यांची आठवण झाली आणि तेच नाव बदकाला मिळाले.

पण ‘मँडरिन’ हा शब्द मुळात चिनी नाही. पोर्तुगीज लोकांनी तो मलाया भागातून उचलला. मलायी भाषेत ‘मंतेरी’ म्हणजे दरबारातील अधिकारी, आणि हा ‘मंतेरी’ दुसरातिसरा कोणी नसून आपल्या संस्कृतातील ‘मंत्री’ होय! भारतातून आग्नेय आशियात, तेथून पोर्तुगीज गलबतांबरोबर युरोपात आणि मग एका चिनी-जपानी बदकाच्या अंगावर असा या शब्दाचा प्रवास झाला. तेव्हा आपण या पक्ष्याला ‘मंत्री बदक’ म्हणावयास हरकत नसावी.

मंत्र्याचा पोशाख

आकाराने हे बदक बेताचेच असते. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत लांबी सुमारे ४५ सें.मी., वजन साधारण अर्धा किलो. नराची चोच लालभडक, टोकाशी फिकट. डोळ्याच्या वरून निघालेला रुंद पांढरा पट्टा मानेपर्यंत मागे जातो. गालांवरून आणि मानेवरून नारिंगी रंगाची लांब पिसे कल्ल्यांसारखी खाली लोंबतात. डोक्यावर मागे वळलेला तुरा, त्यात हिरवट आणि तांबूस झाक. छाती जांभळी, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या पांढऱ्या रेघा. कुशी सोनेरी-तपकिरी. या सर्वांवर कडी म्हणजे पाठीवर उभी राहिलेली दोन नारिंगी शिडे! प्रत्येक पंखातील सर्वांत आतल्या बाजूचे एकेक पीस रुंद होऊन शिडासारखे वर उभारलेले असते. पाण्यावर तरंगणारा नर दुरून एखाद्या लहानशा सजवलेल्या होडीसारखा दिसतो.

मादी मात्र साधी, करड्या-तपकिरी रंगाची. डोळ्याभोवती पांढरे कडे, त्यातून मागे जाणारी बारीक पांढरी रेघ आणि कुशीवर फिकट ठिपके, एवढाच तिचा शृंगार. अंडी उबवण्याचे काम एकटी मादी करते. त्या काळात शत्रूच्या नजरेस न पडणे हेच तिच्या हिताचे असते.

नराचा थाटही बारमाही नसतो. विणीचा हंगाम संपला की उन्हाळ्यात त्याची झगझगीत पिसे गळून पडतात आणि तो जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो. ओळखण्याची खूण एकच उरते, ती म्हणजे लाल चोच. याच सुमारास पंखांतील उड्डाणाची पिसेही एकदम गळतात, त्यामुळे काही आठवडे त्याला उडता येत नाही. ज्याला उडता येत नाही, त्याने भडक पोशाख घालून मिरवणे धोक्याचेच! नवी पिसे येऊन शरद ऋतूच्या सुरुवातीस मंत्रिमहाशय पुन्हा दरबारी वेषात हजर होतात.

रंग उतरत का नाही?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. पक्ष्यांच्या अंगावरील रंग दोन प्रकारांनी तयार होतात.

पहिला प्रकार रंगद्रव्याचा. पिसांतील काळा, तपकिरी आणि तांबूस रंग बहुधा ‘मेलॅनिन’ या द्रव्याच्या निरनिराळ्या प्रकारांमुळे येतो. आपल्या केसांचा काळेपणाही याच मेलॅनिनचा. चोचीचा लाल-पिवळा रंग बहुधा ‘कॅरोटिनॉइड’ गटातील द्रव्यांचा असतो. गाजराचा आणि टोमॅटोचा रंग याच गटातला. ही द्रव्ये पिसांच्या किंवा चोचीच्या आत बांधलेली असतात, वरून फासलेली नसतात. म्हणून पाण्याने ती धुऊन जात नाहीत.

दुसरा प्रकार अधिक मनोरंजक आहे. डोक्यावरील हिरवट झाक आणि पंखावरील निळसर-हिरवा पट्टा यांकडे पाहण्याची दिशा बदलली की रंगही बदलतो. कोणत्याही रंगद्रव्याला हे जमत नाही. येथे रंग द्रव्यातून येत नाही, तर रचनेतून येतो.

पिसाच्या मधल्या दांडीतून दोन्ही बाजूंना बारीक धागे फुटतात आणि प्रत्येक धाग्याला त्याहून बारीक तंतू असतात. बदकांच्या चमकदार पिसांतील हे तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर केराटिनच्या पातळ आवरणाखाली मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या ओळीने रचलेल्या आढळतात. कोठारात बांबू एकावर एक नीट रचून ठेवावेत, तसे हे थर दिसतात. प्रकाश आत शिरला की प्रत्येक थरावरून त्याचा थोडा थोडा भाग परत फिरतो. खालच्या थरावरून परतणाऱ्या किरणाला वरच्या थरावरून परतणाऱ्या किरणापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. हे जादा अंतर ज्या रंगाच्या तरंगलांबीएवढे भरते, त्या रंगाचे तरंग एकमेकांना बळ देतात आणि तो रंग उजळून निघतो. इतर रंगांचे तरंग एकमेकांना मारक ठरतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे.

थोडे गणित करू. दोन थरांमधील अंतर १६० नॅनोमीटर आणि माध्यमाचा सरासरी अपवर्तनांक १.६ धरा. प्रकाश सरळ आत जाऊन सरळ परत येत असेल, तर जादा प्रकाशीय अंतर २ × १.६ × १६० = ५१२ नॅनोमीटर होते. ही हिरव्या रंगाची तरंगलांबी झाली! हेच अंतर १५० नॅनोमीटर केले तर उत्तर ४८० येते, म्हणजे निळा रंग. केवळ १० नॅनोमीटरच्या फरकाने हिरव्याचा निळा झाला. आपला एक केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे ५०० थर मावतील. यावरून पिसातील रचना किती नेमकी असावी लागते याची कल्पना येईल. आणि तिरके पाहिले की दोन किरणांच्या मार्गांतील हे जादा अंतर कमी होते. त्यामुळे उजळणारी तरंगलांबीही कमी होते आणि हिरवा रंग निळ्याकडे झुकतो.

पैठणीच्या पदरावर धूपछाव दिसते तेव्हाही पाहण्याच्या दिशेबरोबर रंग बदलतो. पण तेथे उभे धागे एका रंगात आणि आडवे दुसऱ्या रंगात रंगवलेले असतात. दिशेनुसार कधी हे, कधी ते धागे नजरेत भरतात. म्हणजे तेथे दोन रंगद्रव्ये आहेत. पिसात मात्र रंगीत दिसणाऱ्या भागातील द्रव्य काळपट मेलॅनिन असते. हिरवा किंवा निळा रंग त्यात कोठेच नसतो!

हे शोधकार्य जुने आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात मोराच्या पिसाचे वर्णन केले आणि ते ओले केले की रंग नाहीसे होतात, असे नोंदवले. न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये मोरपिसाचे रंग पातळ पारदर्शक पापुद्र्यांच्या रंगांसारखे असावेत, असे अनुमान केले. आपल्या देशात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नीलपंख पक्ष्याच्या पिसांचा अभ्यास करून पक्ष्यांच्या रंगांच्या उगमावर १९३४ साली निबंध लिहिला. नोबेल पारितोषिक मिळालेल्या शास्त्रज्ञाला एका पिसात संशोधनाचा विषय सापडला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. वहीत जपून ठेवलेले मोरपीस काढा. खिडकीकडे पाठ करून, पिसावर उजेड पडेल असे धरून पाहा. निळा-हिरवा रंग दिसेल. आता तेच पीस डोळा आणि खिडकी यांच्या मध्ये धरा, म्हणजे उजेड पिसातून आरपार येईल. निळा-हिरवा रंग जाऊन पीस तपकिरी, काळपट दिसेल. मग त्यावर स्पिरिटचा एक थेंब टाका (जवळ दिवा किंवा मेणबत्ती नको). रंग फिका पडेल किंवा बदलेल. स्पिरिट उडून गेले की मूळ रंग परत येईल. असे का व्हावे? आपले उत्तर वहीत लिहा आणि शिक्षकांना दाखवा.

घर झाडावर, शाळा पाण्यात

मंत्री बदकाचे मूळ घर पूर्व आशियात आहे. रशियाचा अतिपूर्वेकडील प्रदेश, ईशान्य चीन, कोरिया आणि जपान येथे त्याची वीण होते. उत्तरेकडील बदके हिवाळ्यात दक्षिण चीन आणि दक्षिण जपानकडे उतरतात. अशाच एखाद्या प्रवासात वाट चुकलेला पक्षी कधी तरी आसामात येतो.

सर्वसाधारण बदके उघड्या तळ्यावर राहतात. या बदकाला मात्र दाट झाडीतून वाहणारी नदी किंवा चहूकडून झाडांनी वेढलेले गोड्या पाण्याचे तळे लागते. ओकच्या झाडाची फळे हे त्याचे आवडते खाद्य. त्याखेरीज बिया, पाणवनस्पती, किडे, गोगलगायी आणि लहान मासेही ते खाते. त्याच्या पायांना तीक्ष्ण नख्या असतात, त्यामुळे ते फांदीवर सहज बसू शकते. आणि घरटे? ते असते झाडाच्या ढोलीत, कधी जमिनीपासून ९-१० मीटर उंचीवर! मादी तेथे ९ ते १२ अंडी घालते आणि सुमारे महिनाभर उबवते.

पिले बाहेर आल्यावर खरी कसोटी लागते. खाणे सगळे पाण्यात आणि घर तर इतक्या उंचावर. पिलांना उडता येत नाही. ते जमण्यास आणखी सहा आठवडे लागतात. मादी पिले उचलूनही नेत नाही. ती खाली उतरून हाका मारते आणि जेमतेम एका दिवसाची पिले ढोलीच्या तोंडाशी येऊन एकामागून एक उड्या टाकतात! खाली पडतात, क्षणभर गडबडतात आणि उठून आईमागे पाण्याकडे चालू लागतात.

ती मरत कशी नाहीत? पुन्हा हिशेब करू. उंची ९ मीटर. हवेचा अडथळा नसता तर जमिनीवर आदळताना वेग √(२ × ९.८ × ९), म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर झाला असता. पिलाचे वजन ३० ग्रॅम धरू. तुमचे वजन ४५ किलो, म्हणजे पिलाच्या १५०० पट. दोघांनी त्याच उंचीवरून त्याच पालापाचोळ्यावर उडी घेतली आणि पाचोळ्याने दोघांना सारख्याच अंतरात थांबवले, तर थांबवण्यासाठी लागणारे बलही तुमच्या बाबतीत १५०० पट असेल. पण हाडांचे काय? दोघांची शरीरे एकाच घडणीची आहेत असे क्षणभर समजू. वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून १५०० चे घनमूळ, सुमारे ११.४, एवढ्या पटीने तुम्ही लांब आहात. हाडाची जाडी क्षेत्रफळात, म्हणजे लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते. ती फक्त १३० पट झाली. बल १५०० पट आणि ते पेलणारे हाड १३० पट. म्हणजे तुमच्या हाडाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पिलापेक्षा साडेअकरा पट ताण येणार! शिवाय पिलाची हाडे कोवळी आणि लवचीक असतात.

त्यात हवेची मदत मिळते ती वेगळीच. हवेचा विरोध शरीराच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. लहान प्राण्याचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असतो. पिलाचे अंग लवेने फुगलेले, पडताना इवलेसे पंख आणि पाय पसरलेले, त्यामुळे त्याचा वेग तेरापेक्षा बराच खाली राहतो. मोठ्या प्राण्याला पडण्याचे भय अधिक, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्येच सांगितली होती. पुढे १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी आपल्या एका प्रसिद्ध लेखात उंदीर आणि घोडा यांची उदाहरणे घेऊन ती समजावली. हे हाल्डेन नंतर भारतात येऊन स्थायिक झाले आणि भारतीय नागरिक बनले.

(वाचकहो, हिशेब समजला असला तरी प्रयोग करून पाहण्याची ही जागा नव्हे!)

पोकळ झाडाची किंमत

निसर्गाने पिलांच्या उडीची सोय केली, परंतु एक गोष्ट मंत्री बदकाच्या हाती नाही. त्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली किंवा फांदी मोडून, लाकूड कुजून आपोआप तयार झालेली ढोली त्याला शोधावी लागते. बदक आत मावेल एवढी ढोली कोवळ्या झाडात नसते. झाड जुने, जाड आणि अर्धवट पोकळ हवे आणि तेही पाण्याजवळ हवे. जंगल तोडणाऱ्याच्या दृष्टीने असे झाड निकामी, म्हणून त्यावर कुऱ्हाड आधी पडते. नंतर तेथे हजार रोपे लावली तरी त्यांत ढोली तयार होण्यास कित्येक दशके जावी लागतात. तोवर बदकाच्या किती पिढ्या घराविना जाणार? विसाव्या शतकात चीन आणि रशियाच्या पूर्व भागात नदीकाठची जंगले मोठ्या प्रमाणावर तुटली आणि तेथे या बदकाची संख्या घटली. एकूण जात आज नष्ट होण्याच्या मार्गावर नाही, हे खरे. पण नदीकाठची जुनी झाडे गेली की तेथून हे बदकही जाते.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडची. शोभेसाठी तेथे नेलेली बदके बागांतून निसटली, जुन्या झाडांच्या उद्यानांत त्यांना ढोल्या मिळाल्या आणि ती तेथे रुळली. १९७१ साली ब्रिटनच्या पक्ष्यांच्या अधिकृत यादीत त्यांचा समावेश झाला. हजारो मैलांवरच्या परक्या देशातही ढोलीचे झाड मिळताच पक्षी नांदू लागला!

उत्तर अमेरिकेत या बदकाचा एकच सख्खा भाऊ आहे, ‘वुड डक’. तोही तितकाच देखणा आणि ढोलीत राहणारा. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी तो नाहीसा होतो की काय, अशी भीती होती. १९१८ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पुढे लोकांनी पाण्याकाठी लाकडी पेट्या टांगल्या. पक्ष्यांनी त्या ढोली म्हणून स्वीकारल्या आणि त्याची संख्या पुन्हा वाढली. दुखणे नेमके कशात आहे हे समजले, तर उपाय साधाही असू शकतो.

जोडप्याची दंतकथा

चीन, जपान आणि कोरियात मंत्री बदकांची जोडी दांपत्यनिष्ठेचे प्रतीक मानली जाते. आपल्याकडे कवींनी चक्रवाकाच्या जोडीला जो मान दिला, तोच तिकडे या बदकाला. पण निरीक्षण काय सांगते? मादी अंडी उबवू लागली की पिले बाहेर येण्यापूर्वीच बहुधा नर निघून जातो. पिलांना वाढवण्याचे काम एकट्या मादीचे. कवीला जोडी दिसली ती हिवाळ्यात, पाण्यावर. उन्हाळ्यात ढोलीपाशी जाऊन पाहणारा कोणी नव्हता. ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतला फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने नेहमी लक्षात ठेवावा.

आपल्या तळ्याकाठी

आता पुन्हा मागुरी बीलकडे येऊ. तो नर तेथे आला त्याच्या आदल्या वर्षी, २७ मे २०२० रोजी, बीलजवळच्या बाघजान येथे एका वायुविहिरीचा स्फोट झाला होता. ९ जूनला तिला आग लागली, ती पूर्ण विझण्यास नोव्हेंबर उजाडला. तेलकट थर पाण्यावर आणि गवतावर पसरला, मासे मेले, माणसांना घरे सोडावी लागली. अशा होरपळलेल्या पाण्यावर काही महिन्यांनी हा पाहुणा उतरला. त्याच्या येण्याने पाणी शुद्ध झाले असे सिद्ध होत नाही. पण छायाचित्र पाहून ज्यांनी बीलचे नाव प्रथमच ऐकले, त्यांना तेथे काय घडले होते हेही कळले.

महाराष्ट्रात मंत्री बदक आढळत नाही. परंतु ढोलीत राहणारी बदके आपल्याकडेही आहेत. विदर्भातील तलावांवर दिसणारा नकटा, चिमुकली काणूक आणि शीळ घालणारी अडई ही तिन्ही झाडांच्या ढोलीत घरटे करतात. नकट्याच्या पाठीवर उन्हात जी निळी-हिरवी झळाळी दिसते, ती पाहिली की वरचा थरांचा हिशेब आठवा.

तुमच्या गावच्या तळ्याकाठी एखादे जुने, पोकळ झाड असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीस रोज सकाळी दुरूनच अर्धा तास त्याच्यावर लक्ष ठेवा. ढोलीत हात घालू नका, जवळ जाऊन गडबड करू नका. कोणता पक्षी आत गेला, किती वाजता बाहेर आला, हे तारीखवार लिहा. पुढे कोणी ते झाड ‘निकामी’ म्हणून तोडण्यास निघाले, तर तुमची ती वही दाखवा.